शेवटचं पान आधी वाच

प्रिय मुला,

सप्रेम सलाम. तुझं पत्र दोनदा वाचलं. लंडनच्या बाप्टिस्ट मंडळ्यांचा १६४४ चा विश्वासांगीकार (आम्ही काय मानतो ते कलमांत मांडणारा जाहीर कागद) खरा की १६८९ चा, आणि कुठला दाखवला तर आपले पाळकसाहेब गप्प बसतील? पहिला प्रश्न चांगला आहे. दुसरा वाचून डोकं सणकलं.

१६४४ चा कागद कोणी लिहिला ते बघ. राजा आणि पार्लमेंट यांचं युद्ध पेटलेलं, आणि लंडनमधल्या सात मंडळ्यांवर नुसती चिखलफेक चाललेली: हे ॲनाबॅप्टिस्ट, म्हणजे पुन्हा बाप्तिस्मा देणारे, हे राज्यकर्त्यांना मानत नाहीत, बाप्तिस्मा देताना अभद्र वागतात. बिचाऱ्यांना शीर्षकातच लिहावं लागलं की लोक आम्हाला त्या नावाने चुकीने ओळखतात. मग विल्यम किफिन, जॉन स्पिल्सबरी यांनी नावानिशी सह्या केल्या. बाप्तिस्मा विश्वास कबूल करणाऱ्यालाच, तोही पाण्यात बुडवून. आणि तिथेच पुरवणी: देणारा आणि घेणारा, दोघांच्याही अंगावर नीट कपडे असावेत! मी तिथे दर वेळी थांबतो. अफवा किती खालच्या थराला गेली असेल.

दोनच वर्षांनी, १६४६ ला, त्यांनी तो कागद दुरुस्त करून पुन्हा छापला. आता त्या छपाईचं शेवटचं पान वाच. आम्हाला अंशतःच कळतं, पुष्कळ गोष्टी आम्हाला ठाऊक नाहीत, देवाच्या वचनातून कोणी दाखवून दिल्या तर त्याचे आभारच मानू, असं तिथे म्हटलंय. ते नुसतं म्हणायचं म्हणून नव्हतं. दोनच वर्षांनी, १६४६ ला, त्यांनी तो कागद दुरुस्त करून पुन्हा छापला.

१६८९ चा म्हणतोस तो मुळात १६७७ चा. छळाचे दिवस, म्हणून बिनसहीचा निघाला. अशा मंडळ्यांना उपासनेची मोकळीक देणारा सहिष्णुतेचा कायदा १६८९ ला झाल्यावर शंभरावर मंडळ्यांनी तो उघडपणे उचलून धरला. त्यातला बराच मजकूर वेस्टमिन्स्टरच्या विश्वासांगीकारातून घेतलाय, म्हणजे तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा देणाऱ्यांकडून! जिथे पटतं तिथे त्यांचेच शब्द घेतले, पटत नाही तिथेच आपले लिहिले. आणि तू त्याचा दगड करून फेकायला निघालास. त्या १६४६ च्या कागदाचं शेवटचं पान वाचलंस का?

मीही वाचलं नव्हतं. माझ्या धाकट्या भावाने त्याच्या तान्हीच्या डोक्यावर पाणी शिंपडून घेतलं, त्या दिवशी मी घरी बसलो. आदल्या रात्री त्याला कलमांचे आकडे ऐकवले होते. बालबाप्तिस्मा मला आजही पटत नाही, मरेपर्यंत पटणार नाही, आणि तसं सांगितलं त्यात माझं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. पण जेवायला जायला काय झालं होतं? वहिनीने डबा पाठवला, तोही मी परत केला. हे आजवर कोणाला सांगितलं नाही.

तेव्हा पाळकसाहेबांकडे जा, जरूर जा. मत सोडू नकोस. पण त्यांच्यापुढे तो कागद उघडशील तो शेवटच्या पानापासून. आणि त्यांनी चहा विचारला तर नाही म्हणू नकोस.

तुझा,
काका