सहल-सल्ला: चौदा जणांची अमेरिका

प्रश्न : आमच्या संगीतप्रेमी मंडळातील आम्ही चौदा जण (वये ५५ ते ७२, निम्मे शाकाहारी) अमेरिकेला जाण्याचे ठरवत आहोत. एका यात्रा कंपनीने न्यूयॉर्कपासून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत बारा दिवसांची सहल सुचवली आहे; काही सदस्यांना मात्र जाझचे माहेरघर असलेले न्यू ऑर्लिन्स पाहायचे आहे. दोन्ही जमेल का, आणि जेवणाचे काय?
– एक वाचक, पाचपाखाडी, ठाणे

उत्तर : दोन्ही जमवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. बारा दिवसांत दोन किनारे पाहणाऱ्या गटाच्या वाट्याला विमानतळ आणि बॅगांची चढउतारच अधिक येते. आपले मंडळ संगीताचे असल्याने न्यू ऑर्लिन्स आणि टेनेसी राज्यातील मेम्फिस व नॅशव्हिल ही तीनच गावे घ्यावीत आणि पहिल्या गावात किमान चार रात्री मुक्काम ठेवावा.

न्यू ऑर्लिन्स फ्रेंचांनी १७१८ मध्ये वसवले, पुढे ते स्पॅनिश अमलाखाली गेले आणि १८०३ मध्ये अमेरिकेने विकत घेतले. १७८८ आणि १७९४ च्या आगींनंतर जुना भाग स्पॅनिश अमदानीतच पुन्हा उभा राहिल्यामुळे ‘फ्रेंच क्वार्टर’ या नावावर फार विसंबू नये. संध्याकाळी १९६१ पासून चालू असलेल्या प्रिझर्व्हेशन हॉल या जाझच्या सभागृहातील मैफल ऐकावी. तिकिटे आधी काढावीत. ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांनी सेंट चार्ल्स मार्गावरची ट्राम धरावी. १८३५ पासून चालणारी ही ट्राम जुन्या हवेल्यांसमोरून जाते आणि अर्धे शहर बसल्या जागी दाखवते.

शाकाहारींनी सर्वाधिक सावध राहावे ते येथील ‘शाकाहारी दिसणाऱ्या’ पदार्थांबाबत. गंबो या दाट रश्श्यात बऱ्याचदा भेंडी असते आणि त्याचा पाया म्हणून तेलातुपात मैदा बेसनाच्या लाडवाच्या चिकाटीने तांबूस होईपर्यंत परततात. पण पाणी म्हणून कोंबडीचा किंवा कोळंबीचा अर्क घालतात. सोमवारी घरोघरी आणि खानावळीत होणाऱ्या राजम्यासारख्या लाल घेवड्यात डुकराचे हाड किंवा सॉसेज असते. टेनेसीतील पालेभाज्याही बहुधा डुकराच्या खारवलेल्या मांसासह शिजवलेल्या असतात. तेव्हा ‘व्हेज आहे का’ असे मोघम विचारू नये. मांसाचा अर्क, डुकराची चरबी आणि कोळंबी-मासे या तिन्ही गोष्टी इंग्रजीत लिहिलेले कार्ड प्रत्येक शाकाहारी सदस्याजवळ असावे. कॅफे द्यु मोंद या १८६२ पासूनच्या दुकानात चिकोरी घातलेली कॉफी आणि बेन्ये, म्हणजे तळलेले चौकोनी गोड वडे, मिळतात. त्यांवर पिठीसाखरेचा असा ढीग असतो की त्या सकाळी काळे कपडे घालणाऱ्याला दिवसभर त्याची खूण वागवावी लागते.

स्वयंपाकघर असलेली निवासस्थाने घेतल्यास रात्रीची खिचडी जमते. मात्र तांदूळ आणि हरभरे ठाण्याहून बांधून नेऊ नयेत. साठवलेले धान्य पोखरणाऱ्या खापरा भुंग्याच्या भीतीने भारतातून प्रवासी सामानात हे दोन्ही आणण्यास अमेरिकेने मनाई केली आहे. शिधा तेथेच घ्यावा. चौदा जणांना एका टेबलावर जेवायला बसण्याचा मोह आवरावा आणि सात-सातचे दोन गट करावेत. मोठ्या गटाच्या बिलात अनेक ठिकाणी १८ ते २० टक्के टीप आधीच धरलेली असते, ती पाहूनच पैसे द्यावेत. मेन्यूवरील किमतीत विक्रीकर नसतो, हेही खजिनदारांनी लक्षात ठेवावे.

न्यू ऑर्लिन्सहून मेम्फिसला अ‍ॅमट्रॅक या राष्ट्रीय प्रवासी रेल्वे कंपनीची गाडी दुपारी निघून रात्री पोहोचते. कोणालाही गाडी चालवावी लागत नाही, हा तिचा मोठा फायदा. उतरल्यावर हॉटेलपर्यंतची गाडी मात्र आधी ठरवलेली असावी. मेम्फिसमध्ये रॉक अँड रोल गायक एल्व्हिस प्रेस्लीचे घर सर्वांनाच पाहायचे असते, पण लॉरेन मोटेल चुकवू नये, अशी आग्रहाची विनंती. ४ एप्रिल १९६८ रोजी कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांसाठी लढणारे नेते मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या येथील सज्जात झाली आणि १९९१ पासून येथे नागरी हक्कांचे संग्रहालय आहे. हेच किंग १९५९ मध्ये भारतात आले तेव्हा मुंबईत गावदेवीच्या मणिभवनात राहिले होते. मंडळाने निघण्यापूर्वी एक रविवार तेथे घालवल्यास मेम्फिसचा तो दिवस अधिक भिडेल. नॅशव्हिल तेथून गाडीने सुमारे साडेतीन तासांवर असून त्यासाठी दोन रात्री पुरतात.

दिवाळी आटोपून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंतचा काळ उत्तम. चक्रीवादळांचा हंगाम अधिकृतपणे ३० नोव्हेंबरपर्यंत असला तरी तोपर्यंत त्याचा जोर ओसरलेला असतो. महिन्याच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग येते, तेव्हा बरेच काही बंद असते. मार्डी ग्रा या न्यू ऑर्लिन्सच्या कार्निव्हल उत्सवाच्या दिवसांत खोल्यांचे भाव फार चढतात. व्हिसाचे अर्ज गटाने एकत्र भरले तरी निर्णय प्रत्येकाचा स्वतंत्र असतो. म्हणून पैसे परत न मिळणारे आरक्षण सर्वांचे व्हिसा हाती आल्यावरच करावे.

प्रश्न : आम्ही दोन कुटुंबे मिळून आठ जण, मुलांसह, न्यू जर्सीत नातेवाइकांकडे जात आहोत. नायगारा आधी पाहिला आहे. दोन दिवसांत वेगळे काय पाहता येईल?
– एक वाचक, नेरूळ, नवी मुंबई

उत्तर : पेनसिल्व्हेनियातील लँकेस्टर, जे गाडीने साधारण अडीच तासांवर आहे. तेथे आधुनिक साधनांपासून दूर राहणाऱ्या आमिश या ख्रिस्ती पंथाचे शेतकरी आजही घोडागाडीने फिरतात. शुक्रवार-शनिवार धरून जावे, कारण रविवारी त्यांचे व्यवहार बंद असतात आणि शहरातील सेंट्रल मार्केट मंगळवार, शुक्रवार व शनिवार एवढेच दिवस उघडे असते. स्ट्रासबर्गची वाफेच्या इंजिनाची गाडी शेतांमधून जाते. मुलांना ती हमखास आवडेल. आमिश मंडळींची चेहरा दिसेल अशी छायाचित्रे काढणे त्यांच्या धार्मिक भावनेविरुद्ध आहे, हे मुलांच्या हाती मोबाइल देण्यापूर्वीच त्यांना सांगावे.