सोलर आणि क्लीनर दोन्ही असतील तर पूल पंपाचा स्पीड किती ठेवावा?

तुमचा प्रश्न असा आहे: कॅलिफोर्नियातल्या ट्रेसी गावात पूल असलेलं दुमजली घर घेतलंत. पंप व्हेरिएबल स्पीडचा (वेग कमीजास्त करता येणारा), छतावर पूलचं पाणी उन्हाने तापवणारी सोलरची ८ पॅनेल, पाण्यात पंपाच्या ओढीवर (सक्शनवर) फिरणारा क्लीनर. आधीच्या मालकाने सकाळी ८ ते संध्याकाळी ६ सरसकट ३००० आरपीएम (मिनिटाला फेरे) लावून ठेवलंय आणि वीज कंपनी पीजी अँड ईचं बिल बघून घाम फुटला. मग आरपीएम किती ठेवायचा?

दोन्ही कामांना मिळून एक आकडा शोधायला गेलात, तर तो ३००० च्या आसपासच येणार. आधीच्या मालकाने बहुतेक तेच केलं असावं. कामं वेगळी करा, त्यांच्या वेळा वेगळ्या करा, आणि प्रत्येकाला जेमतेम पुरेल एवढाच स्पीड द्या. आमचं घर सॅक्रामेंटोच्या बाजूला, बैठं आहे. बाकी मांडणी तुमच्यासारखीच.

आधी गणित, कारण पैसे तिथेच आहेत. स्पीड निम्मा केला की पाणी निम्मं येतं, पण वीज साधारण आठव्या हिश्शावर उतरते. म्हणजे दुप्पट वेळ पंप चालवून तेवढंच पाणी फिरवलं तरी वीज चौथाई लागते. प्रत्यक्षात मोटर थोडी जास्त खाते, तरी फरक डोळ्यांत भरण्याएवढा असतो. बऱ्याच पंपांच्या स्क्रीनवर वॉट दिसतात. ३००० ला किती आणि १५०० ला किती, एकदा बघाच.

मग सगळंच १५०० वर का नाही? कारण स्पीड निम्मा झाला की पंप पाणी जेवढं उंच चढवू शकतो ती उंची चौथाई होते. ३४५० ला ९० फूट चढवणारा पंप १५०० ला जेमतेम १७ फूट चढवतो, तेही प्रवाह जवळपास शून्य असताना. दुमजली घराच्या छतापर्यंत पाणी पोचणारच नाही.

सोलरचा स्पीड आकडे वाचून ठरवू नका, बुडबुडे बघून ठरवा. छतावर पाइपला व्हॅक्यूम रिलीफ व्हॉल्व्ह असतो. पंप बंद झाल्यावर तो हवा आत घेतो, त्यामुळे पॅनेल रिकामी होतात आणि आतल्या निर्वाताने चेपत नाहीत. पंप चालू असताना मात्र तो पाण्याच्या दाबाने बंद राहायला हवा. दाब कमी पडला की तो हवा ओढत राहतो आणि पूलमध्ये रिटर्नच्या (पाणी परत येतं त्या पाइपच्या) तोंडाशी सतत बुडबुडे येतात. पॅनेल अर्धवट भरतात, ऊन वाया जातं, शिवाय त्या हवेमुळे पाण्याचा पीएच चढतो आणि अ‍ॅसिड जास्त ओतावं लागतं.

तर स्वच्छ उन्हाच्या दिवशी दुपारी फिल्टर साफ करून सोलर चालू करा आणि पंप २८०० वर ठेवा. सुरुवातीला बुडबुडे येतीलच, पॅनेलमधली हवा बाहेर पडत असते. ते थांबले की १००-१०० ने खाली या, दर वेळी पाच मिनिटं थांबा. ज्या आकड्याला बुडबुडे परत येऊन टिकून राहतात, त्याच्या दीडशे-दोनशे वर थांबा. एवढी फट लागतेच, कारण फिल्टर पॅनेलच्या आधी असतो आणि तो भरत गेला की छतावरचा दाब घटतो. आमच्याकडे हा आकडा २२०० निघाला; तुमचं घर दुमजली, तेव्हा २५०० च्या पुढे गेला तर आश्चर्य नाही. तो फारच वर अडकला तर सोलरवाल्याला विचारा, की व्हॉल्व्ह छताच्या माथ्यावरून खालच्या जागी हलवता येईल का. कित्येकदा तेवढ्यानेच बराच स्पीड उतरतो.

प्रवाहाचा अंदाजही असू द्या: पॅनेलच्या दर १० चौरस फुटांना मिनिटाला साधारण १ गॅलन. ४ बाय १२ फुटांची ८ पॅनेल असतील तर ३८ गॅलनच्या आसपास. त्याहून खूप जास्त पाणी ढकलून विजेच्या मानाने ऊब फारशी वाढत नाही.

इथे एक गैरसमज हमखास भेटतो. रिटर्नचं पाणी हाताला कोमटच लागतं म्हणून लोक स्पीड कमी करतात, मग ते गरम लागतं आणि खूश होतात. उलटं आहे. या पॅनेलवर काच नसते. ती जितकी तापतील तितकी उष्णता हवेत घालवतील. पाणी ३ ते ५ अंश फॅरेनहाइट एवढंच वाढून येत असेल तर काम उत्तम चाललंय. भर उन्हात पॅनेल हाताला गार लागणं हे चांगलं लक्षण.

आता क्लीनर. सोलर बंद ठेवून त्याचा स्पीड ठरवा, कारण दोन्ही एकदम चालले की क्लीनर ओढ अडवतो आणि छतावर पाणी कमी पोचतं. १८०० पासून सुरू करा. तळ नीट फिरून भिंतीवर थोडा चढला म्हणजे झालं. पाण्याच्या वर डोकं काढून हवा ओढायला लागला तर स्पीड जास्त आहे. एकाच कोपऱ्यात रेंगाळत असेल तर कमी. पण आधी पंपाची आणि स्किमरची (पाण्यावरचा कचरा ओढणाऱ्या तोंडाची) जाळी साफ आहे का ते बघा, रेंगाळण्याचं कारण निम्म्या वेळा तेच असतं. दोन-अडीच तास पुरतात, आणि पानगळ नसेल तर रोज गरजही नाही.

(कोणी पोलारिस २८० सारखा बूस्टर पंपाचा (स्वतःच्या वेगळ्या जादा पंपावर चालणारा) क्लीनर वापरत असेल तर: मुख्य पंप आधी सुरू, बूस्टर नंतर, बंद करताना बूस्टर आधी. बूस्टर कोरडा चालला की सील गेलं. क्लीनरच्या चाकाचे मिनिटाला २८ ते ३२ फेरे व्हायला हवेत. रोबोट असेल तर पंपाशी संबंधच नाही.)

वेळा अशा लावा: पहाटेनंतर, छतावर ऊन यायच्या आत, क्लीनर. साधारण १० ते ४ सोलर. तुमचा पीजी अँड ईचा प्लॅन ई-टीओयू-सी (वेळेनुसार दर बदलणारा) असेल तर संध्याकाळी ४ ते ९ वीज सर्वांत महाग, तेव्हा पंप बंद. उन्हाळ्यात सोलरचे तास धरले की पाणी पुरेसं फिरतं, रात्री पंप आणखी चालवायची सहसा गरज पडत नाही. मिठाचा क्लोरिनेटर असेल तर मात्र कमी स्पीडला त्याचा फ्लोचा दिवा बघा. प्रवाह कमी झाला की तो क्लोरीन बनवणं थांबवतो.

आणि हे जरूर तपासा: सोलरचा वरचा स्पीड टायमरवर आहे की सोलर कंट्रोलरच्या हुकमावर? नुसता टायमर असेल तर पाणी ठरवलेल्या तापमानाला पोचून पाणी छताकडे वळवणाऱ्या व्हॉल्व्हने ती वाट बंद केल्यावरही, किंवा दिवसभर ढग असले तरी, पंप उगाच २५०० वर घुमत राहतो. कंट्रोलरकडून पंपाला सिग्नलची तार जोडून घ्या. सोलर चालू असेल तेव्हाच वरचा स्पीड, नाहीतर १४००.

रात्री पूलवर बबल कव्हर घालत नसाल तर तेही आणा. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या मते कव्हरमुळे पूल तापवण्याचा खर्च ५० ते ७० टक्क्यांपर्यंत वाचू शकतो. तुमचं ऊन फुकटच आहे, पण रात्रीची ऊब टिकली तर दुसऱ्या दिवशी सोलरचे तास कमी लागतात. सेटिंग करून झालं की बुडबुडे कुठल्या आकड्याला आले ते खाली लिहा, आणि व्हॅक्यूम रिलीफ व्हॉल्व्ह छतावर नेमका कुठे आहे तेही.