फोडणीची पोळी कोरडी होते ती पोळी शिळी आहे म्हणून नव्हे

तुम्ही विचारलंय की रात्रीच्या चार पोळ्या आणि वाटीभर भात उरलाय, घरात कांदा-मिरचीखेरीज काही नाही, आणि कुस्करा केला की घशाला कोरड पडते. तुमच्या प्रश्नाखाली कोणीतरी ‘अजून तेल घाला’ असं सुचवलंय. तेलाने तो तेलकट होईल, मऊ होणार नाही. कमी पडतंय ते पाणी.

आधी पोळी हाताने कुस्करा. यावरून माझा घरच्यांशी जुना वाद आहे आणि मी मागे हटणार नाही. मिक्सरमध्ये अर्ध्या पोळीचं पीठ होतं, अर्धी तशीच राहते. मग पाण्याचा हबका मारला की ते पीठ सगळं पाणी पिऊन बसतं, त्याच्या गुठळ्या होतात आणि मोठे तुकडे कोरडेच राहतात. नखाएवढे तुकडे हवेत, थोडा चुरा आपोआप पडतोच. घडीची, तेल लावलेली पोळी छान कुस्करते. फुलके चिवट होतात, त्यांचे कात्रीने बारीक तुकडे करा. ताज्या पोळीचा कुस्करा करू नका, त्याचा गोळा होतो. रात्रभरात पोळीतला स्टार्च (पिठातला पिष्टमय भाग) घट्ट झालेला असतो, म्हणूनच शिळ्या पोळीचे तुकडे सुटे राहतात. तोच स्टार्च वाफ मिळाली की पुन्हा मऊ पडतो. सगळी कृती या वाफेसाठी आहे.

चार पोळ्यांना दोन मध्यम कांदे लागतात. एका कांद्यात भागवू नका. तेल तीन मोठे चमचे. शेंगदाणे असतील तर आधी तेलात मंद आचेवर तळून बाजूला काढा, कांद्याबरोबर टाकले तर मऊ पडतात. मग मोहरी पूर्ण तडतडू द्या, जिरं, हिंग, मिरची, कढीपत्ता, आणि कांदा. कांद्यावर लगेच मीठ घाला म्हणजे त्याला पाणी सुटेल. बहुतेक घरांत पोळीच्या कणकेत मीठ असतंच, तेव्हा फक्त कांद्यापुरतं. कांदा पारदर्शक झाला की थांबा. लाल केलात तर त्याचं पाणी उडालं, आणि ते पाणीच तर आपल्याला हवं होतं. हळद आणि तिखट आता, आच कमी करून. गरम तेलात आधी टाकलं की जळतं आणि कडवट चव राहते.

कुस्करलेली पोळी घालून हलवा, चिमूटभर साखर, आणि वरून तीन मोठे चमचे पाणी सगळीकडे शिंपडा. एका जागी ओतलं की तिथे लगदा झालाच. पाण्याऐवजी आंबट ताक असेल तर जास्त चांगलं. घट्ट झाकण, मंद आच, तीन मिनिटं, मध्ये एकदाच हलवायचं. गॅस बंद केल्यावर आणखी दोन मिनिटं झाकण काढू नका. लिंबू त्यानंतर.

टोमॅटो घालू नका. घातलाच तर पूर्ण आटवून घ्या आणि पाणी शिंपडू नका.

भाकरी उरली असेल तर हे माप चालणार नाही. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो, तिचा भुगा होतो आणि तो पाणी फार ओढतो. दोन भाकऱ्यांच्या चुऱ्याला अर्धी वाटी ताक लावून पाच मिनिटं ठेवा, मग फोडणीत घाला.

राहिला भात. तो पोळीत मिसळू नका, वेगळा फोडणीला टाका (काही घरांत मिसळतात, त्यांना सवयीने आवडतं). ओल्या हाताने गुठळ्या आधी मोडा, कढईत मोडायला गेलात तर शितं तुटतात. पण तो भात रात्रभर ओट्यावर राहिला असेल तर फेकून द्या. भातातल्या बॅसिलस सिरियस या जंतूचे बीजाणू शिजवूनही टिकतात, उबदार जागी वाढतात, आणि त्यांचं विष फोडणीच्या उष्णतेने नष्ट होत नाही. जेवणं झाल्यावर लगेच फ्रिजमध्ये ठेवलेला असेल, तरच वापरा.