स्पॅनिश शेफ फेरान आद्रियाने फेस आणि गोळ्यांपलीकडे नेमकं काय केलं?

बरंच काही. पदार्थांचा फेस आणि रसाच्या गोळ्या फोटोत छान दिसतात, म्हणून लोकांच्या लक्षात त्याच राहिल्या.

आद्रियाचा जन्म १९६२ चा, बार्सिलोनाजवळचा. स्वयंपाकाचं रीतसर शिक्षण नाही; सुरुवात हॉटेलात भांडी घासण्यापासून. १९८४ मध्ये तो स्पेनमधल्या रोसेस गावाजवळच्या ‘एल बुली’ या रेस्टॉरंटात लागला आणि काही वर्षांत तिथला मुख्य शेफ झाला. १९९७ मध्ये ‘एल बुली’ला तिसरा मिशलिन स्टार मिळाला, म्हणजे रेस्टॉरंटांच्या त्या मानांकनातला सर्वोच्च दर्जा.

त्याचं ऑलिव्ह घ्या. ऑलिव्हच्या रसात कॅल्शियमचा क्षार मिसळायचा आणि चमचाभर रस अल्जिनेटच्या द्रावणात अलगद सोडायचा. अल्जिनेट हे समुद्री शेवाळातून काढतात. रसाभोवती पातळ पापुद्रा धरतो. दिसायला अख्खं ऑलिव्ह, पण तोंडात टाकलं की फुटून नुसता रस!

माझ्या मते खरी क्रांती मात्र कामाच्या पद्धतीत होती. हॉटेल वर्षातले सहा-एक महिनेच उघडं. उरलेला वेळ बार्सिलोनातल्या कार्यशाळेत प्रयोग, आणि प्रत्येक पदार्थाची तारीखवार नोंद. शिवाय तंत्रं लपवून न ठेवता त्याने छापून टाकली. (आपल्या मसाल्याचं प्रमाण सख्ख्या भावालाही न सांगणारे आचारी आठवा.) रेने रेडझेपी, होसे आंद्रेस, मास्सिमो बोत्तुरा हे सगळे नावाजलेले शेफ त्या स्वयंपाकघरात राबून गेलेत.

त्याची नक्कल करणाऱ्यांनी ताटात उगाच फेस ओतून वीट आणला, हेही खरंच. ‘एल बुली’ २०११ मध्ये बंद झालं. २०२३ पासून त्याच जागी संग्रहालय आहे.