कोच हवा की थेरपिस्ट? ‘सगळं ठीक आहे, तरी…’ म्हणणाऱ्यांसाठी

“वय ४६. ठाण्यात स्वतःचं घर, कर्ज फिटलेलं. विमा कंपनीत वरची जागा. आता बढती देतायत, पण नागपूरला. मुलगा बारावीनंतर बाहेरगावी शिकायला गेला. नवऱ्याशी काही भांडण नाही. वडील दहा महिन्यांपूर्वी गेले. कंपनीने सहा सत्रांचा कोच दिलाय, दोन झाली. माणूस चांगला आहे. पण घरी आल्यावर वाटतं, हे सगळं करायचं कशासाठी? मैत्रिणीने एक्झिस्टेन्शियल थेरपीचं नाव सांगितलं. मला खरंच थेरपी लागते का, की मी उगाच स्वतःचे लाड करून घेतेय?”

समुपदेशकाकडे या धर्तीची विचारणा वारंवार येते. वरची बाई कुणी एक नाही. ओळख पटू नये म्हणून काही जणींचे तपशील एकत्र करून आणि बदलून तिची हकीकत इथे मांडली आहे. प्रश्न मात्र जसाच्या तसा ठेवलाय, कारण तो फार जणांचा आहे. (एक्झिस्टेन्शियल थेरपी म्हणजे मृत्यू, निवड, जगण्याचा अर्थ अशा प्रश्नांवर काम करणारी थेरपी; तिच्याबद्दल पुढे येतंच.)

पहिल्या भेटीत कोच की थेरपी हे ठरवायचंच नसतं. आधी शरीर आणि नैराश्य बघायचं. ‘जगण्यात अर्थ वाटत नाही’ हे वाक्य तत्त्वज्ञानाचं वाटतं, पण ते थायरॉइडमधूनही येऊ शकतं आणि उपचार न झालेल्या नैराश्यातूनही. म्हणून सुरुवातीलाच पीएचक्यू-९ ही नैराश्याची लक्षणं मोजणारी प्रश्नावली भरून घेतात. मागच्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. पाच ते नऊ म्हणजे सौम्य लक्षणं. दहा किंवा त्याहून जास्त आले, तर नैराश्याची नीट तपासणी आधी, बाकी सगळं नंतर. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा असतो. एकूण गुण कमी असले तरी त्या एका ठिकाणी शून्य नसेल, तर त्याच भेटीत त्यावर स्पष्ट विचारलं जायला हवं. तसं विचारल्याने तो विचार कुणाच्या डोक्यात शिरत नाही. ही भीती घरच्यांना असते तशी काही समुपदेशकांनाही असते, आणि ती बिनबुडाची आहे.

तिचे गुण आठ आले. झोप आणि थकवा या दोनच प्रश्नांवर जास्त, नवव्यावर शून्य. फॅमिली डॉक्टरांकडे टीएसएच (थायरॉइडची चाचणी), हिमोग्लोबिन आणि बी-१२ करून घेतलं. बी-१२ कमी निघालं. पाळी अनियमित झालेली, पहाटे तीनला घाम येऊन जाग येणं हेही चालू होतं, त्यासाठी स्त्रीरोगतज्ज्ञ. काही आठवड्यांनी थकवा बराच उतरला. ‘कशासाठी’ मात्र तिथेच होतं. एवढं झाल्यावर मग निवडीकडे वळता येतं.

निवडीसाठी एक प्रश्न फार कामाला येतो: समजा आज तुमची अडचण सुटली. बदली रद्द झाली, पगार वाढला, साहेब बदलला. मग काय उरतं? ३८ वर्षांच्या एका अभियंत्याने यावर पटकन सांगितलं, “मग काहीच प्रश्न नाही. मला फक्त टीम सांभाळता येत नाही, तेवढं जमलं की झालं.” त्याला कोच हवा होता, थेरपीत त्याचे पैसे आणि वेळ वाया गेला असता. या बाईने बराच वेळ घेतला आणि म्हणाली, “तरीही रविवारी संध्याकाळी असंच वाटेल. बाबा गेले, मुलगा गेला. आता मी कुणासाठी पळतेय?”

तिला बढती घ्यावी की नाही हे कळत नव्हतं, त्याचं कारण माहितीची कमतरता नव्हती. ज्याच्या आधारावर निवड करायची, तो आधारच हलला होता. कोचिंग सुरू होतं ते कुठे पोहोचायचं हे माणसाला थोडंफार ठाऊक आहे असं धरून. ग्रो ही तिथली सर्वांत परिचित पद्धत: उद्दिष्ट, सध्याची स्थिती, पर्याय, आणि मग नेमकं काय, कधी करणार. उद्दिष्ट लेखी असतं, सत्रं बहुधा पंधरा दिवसांनी, सहा ते बारा, मध्ये गृहपाठ. चांगला कोच हे उत्तम करतो. पण उद्दिष्टाच्या रकान्यातच माणूस अडला असेल, तर बाकीचे रकाने सुबक भरले जातात आणि काम होत नाही. तिच्या वहीत ‘नागपूरच्या शाखाप्रमुखाशी बोलणे’ हे काम दोन्ही सत्रांत लिहिलेलं होतं आणि दोन्ही वेळा राहिलेलं होतं. कोचने ते आळस म्हणून घेतलं नाही, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. एकच सोपं काम तिसऱ्यांदा पुढे ढकललं जात असेल, तर योजना आणखी बारीक करण्यात अर्थ नसतो, त्यामागे काय आहे ते बघावं लागतं.

एक्झिस्टेन्शियल थेरपी त्या मागच्या गोष्टीकडे जाते. व्हिएन्नाचे मनोविकारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रँकल यांनी माणसाच्या अर्थाच्या शोधाला केंद्रस्थानी ठेवलं. अमेरिकेत आयर्विन यालोम यांनी १९८० मध्ये या थेरपीची चार मूळ चिंतांभोवती मांडणी केली: मृत्यू, स्वातंत्र्य आणि त्यासोबत येणारी जबाबदारी, मुळातलं एकटेपण, अर्थहीनता. या चिंता म्हणजे आजार नाहीत. त्या सगळ्यांनाच असतात, काही वळणांवर त्या एकदम अंगावर येतात इतकंच. आईवडील जाणं, मुलं घराबाहेर पडणं, मोठं आजारपण, पन्नाशी, परदेशात जाऊन स्थिरावल्यावरची पहिली दिवाळी. तिच्या बाबतीत या चार चिंतांपैकी तीन एकाच वर्षात आल्या.

प्रत्यक्ष सत्रात काय होतं, याबद्दल गैरसमज फार. आठवड्याला एक, ५० मिनिटं. फॉर्म भरणं कमी, बोलणं जास्त, आणि बोलणं आत्ताच्या जगण्याबद्दल. बालपणात खोदकाम हे मुख्य काम नसतं. तिसऱ्या सत्रात तिला एका आठवड्यातली सगळी कामं लिहून आणायला सांगितलं, ऑफिसपासून सासूबाईंच्या औषधांपर्यंत. मग प्रत्येकापुढे दोन गोष्टी लिहायच्या: हे बंद केलं तर कोण बोलेल, आणि कुणीच बोललं नाही तरी मी हे करीन का? यादीत माहेरचा पाच दिवसांचा गणपतीही होता. भाऊ अमेरिकेत, वडील गेलेले, तेव्हा तो ठाण्याला आणायचा असं धरूनच चाललं होतं. कुणी तिला विचारलं नव्हतं, तिनेही कुणाला विचारलं नव्हतं. इथे थेरपिस्टचं काम ‘नका आणू’ किंवा ‘परंपरा आहे, आणा’ असं सांगण्याचं नाही. ‘ठरवलं कुणी?’ हा प्रश्न तो सोडत नाही, एवढंच. दोन सत्रं त्यावरच गेली. गणपतीवरून बोलणं वडिलांच्या शेवटच्या आठवड्यावर गेलं, आणि तिथे ती पहिल्यांदा रडली.

सुशिक्षित, वाचणाऱ्या माणसांबरोबर इथे एक अडचण हमखास येते. थेरपीचं सत्र चर्चासत्र होऊन बसतं. मृत्यू अटळ आहे, निष्काम कर्म करावं, पाश्चात्त्य तत्त्वज्ञ असं म्हणतात… सगळं बरोबर, आणि सगळं मानेच्या वर. तिनेही पाचव्या सत्रात निष्काम कर्मावर दहा मिनिटं अतिशय सुंदर बोलून दाखवलं. अशा वेळी वाद घालायचा नसतो. ‘हे बोलताना तुमचा श्वास अडकतोय, ते काय आहे?’ असं विचारलं की गाडी रुळावर येते. थेरपिस्ट स्वतःच तत्त्वज्ञानात रमणारा असेल तर मात्र महिने जातात आणि कुणाला पत्ताही लागत नाही. याच्या उलट टोकाला तयार अर्थ विकणारे असतात: अमुक साधना करा, समाजकार्य करा, सगळं मिळेल. ते काहीही असलं तरी एक्झिस्टेन्शियल थेरपी नव्हे.

चौथ्या ते सहाव्या सत्राच्या आसपास बऱ्याच जणांना आधीपेक्षा जड वाटतं, आणि तिथेच पुष्कळजण सोडतात. हे आधी सांगून ठेवलेलं असेल तर टिकाव लागतो. जड वाटणं आणि धोका यांत फरक आहे. सलग काही रात्री झोप चार तासांच्या खाली, दारू वाढणं, कामावर जाताच न येणं, मरून जावंसं वाटणं यांपैकी काहीही असेल तर पुढच्या सत्राची वाट न बघता थेरपिस्टला कळवायचं आणि मनोविकारतज्ज्ञाला दाखवायचं. रात्री-अपरात्री टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं.

आता माणूस निवडायचा कसा. भारतात ‘कोच’ ही पाटी कुणीही लावू शकतो, त्याला सरकारी परवाना लागत नाही. आंतरराष्ट्रीय कोच संघटनेचं, म्हणजे आयसीएफचं, प्रमाणपत्र हा त्यातल्या त्यात एक निकष: एसीसी या पहिल्या पायरीला किमान १०० तास, पीसीसी या पुढच्या पायरीला ५०० तास प्रत्यक्ष कोचिंगचा अनुभव लागतो. थेरपीकडे क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे, आरसीआयकडे, असते. क्रमांक मागावा आणि परिषदेच्या संकेतस्थळावर ताडून बघावा, कुणी चांगला माणूस त्याचा राग मानत नाही. एक्झिस्टेन्शियल थेरपीची अशी वेगळी सरकारी नोंदणी मात्र इथे नाही. त्यामुळे ‘मी एक्झिस्टेन्शियल पद्धतीने काम करतो’ एवढ्यावर थांबू नका. प्रशिक्षण कुठे, किती काळ, आणि सध्या सुपरव्हिजन, म्हणजे स्वतःच्या कामावर दुसऱ्या अनुभवी थेरपिस्टचं मार्गदर्शन, कुणाकडे, हे विचारा. शेवटच्या प्रश्नावर जो गडबडतो त्याला सोडून द्यावं, मग तो कितीही प्रसिद्ध असो. एक्झिस्टेन्शियल कोचिंग असाही प्रकार निघाला आहे. त्यात निर्णयामागची मूल्यं तपासतात. ज्याचं दुःख ताजं नाही आणि झोप-भूक ठीक आहे, त्याला तो चालू शकतो.

पंधरा-वीस मिनिटांच्या पहिल्या फोनवर आणखी तीन गोष्टी ठरवून घ्याव्यात. फी आणि सत्र रद्द करण्याचा नियम. २४ तास आधी न कळवल्यास पूर्ण फी, हा नियम बहुतेक ठिकाणी असतो. कितव्या सत्राला आढावा घ्यायचा, चौथं ठीक. आणि माझ्या प्रश्नाला तुमच्याकडचं काम योग्य नाही असं दिसलं तर तुम्ही काय कराल? कोचचं चांगलं उत्तर असतं, “मी थांबवेन आणि थेरपिस्टकडे पाठवेन.” लहानपणच्या जखमाही मीच भरून काढतो म्हणणाऱ्या कोचकडे जाऊ नये.

कंपनीने दिलेल्या कोचच्या बाबतीत एक खास भानगड असते. पैसे कंपनी देते, त्यामुळे करार तिघांत होतो. एचआरला काय कळवलं जाणार हे पहिल्या सत्राआधी लेखी हवं. साधारणपणे सत्रांची संख्या आणि उद्दिष्टांचे मथळे, त्यापलीकडे काही नाही. तिला हे माहीत नव्हतं. म्हणूनच दोन सत्रं वडिलांचं नावही न काढता गेली होती, आणि तेही एका अर्थी बरंच झालं.

कोच आणि थेरपी एकाच वेळी चालवू नयेत असा काही नियम नाही. पण तिच्यासारख्या वेळी एकजण ‘पुढचं पाऊल कुठलं’ विचारतो आणि दुसरा ‘जरा थांबून बघू’ म्हणतो, आणि मधल्या माणसाची ओढाताण होते. म्हणून उरलेली चार सत्रं स्थगित केली. कोचला आणि एचआरला गेलेला निरोप दोन ओळींचा होता: वैयक्तिक कारणाने तीन-चार महिने विराम हवा आहे, उरलेली सत्रं त्यानंतर वापरता येतील का? कारण सांगावं लागत नाही, आणि सहसा कुणी विचारतही नाही.

थेरपी १६ सत्रांत संपली. शेवटची तारीख तीन सत्रं आधीच ठरवली होती. या थेरपीत संपणं हाही कामाचाच भाग असतो, ते टाळून ‘बघू, लागलं तर फोन करा’ असं अधांतरी सोडणं बरोबर नाही. शेवटच्या तीनांतलं एक सत्र पूर्ण निरोपावर गेलं, कारण वडिलांचा निरोप घ्यायचा राहून गेला होता. तिने बढती घेतली. गणपती दीड दिवसाचा केला आणि दर दुसऱ्या वर्षी भावाने येऊन करायचा असं त्याला फोनवर सांगितलं. तो नाराज झाला, अजून थोडा आहे. ‘कशासाठी’चं एका वाक्यात मावणारं उत्तर तिला मिळालं नाही, पण रविवार संध्याकाळचं ओझं कमी झालं.

मग ती त्याच कोचकडे परत गेली. वहीत आधी लिहिलेलं उद्दिष्ट ‘नेतृत्वक्षमता वाढवणे’ असं होतं. नवं असं: ‘नागपूरला पहिल्या सहा महिन्यांत शाखेतल्या तीन जणांना माझ्या जागेसाठी तयार करणे, संध्याकाळी सातनंतर ऑफिसचा फोन न घेणे.’ चार सत्रं पुरली.