ग्रान पारादिसो स्की टूर: "माझ्यामुळे गट मागे राहील का?"

तुमच्या प्रश्नाचा गाभा मला असा कळला: स्की रिसॉर्टमधले मध्यम अवघड उतार तुम्ही आरामात उतरता, स्की लावून डोंगर चढण्याचा अनुभव दोनच दिवसांचा आहे, आणि मे महिन्यात गाईडसोबत सहा जणांच्या गटातून इटलीतल्या आल्प्समधल्या ग्रान पारादिसो या डोंगरावर जायचं ठरवलंय. उतरताना सगळ्यांचा खोळंबा करणारी मीच ठरेन का, ही धास्ती.

चार वेळा त्या डोंगरावर गेलोय, दोनदाच माथ्यापर्यंत पोचलो. त्यावरून सांगतो, उतरण्याची काळजी तुम्ही गरजेपेक्षा जास्त करताय आणि चढण्याची फारच कमी. उतरताना गाईड ठरावीक अंतरावर थांबवतो, एकेकाला सोडतो, वळणं सुंदर आली नाहीत तरी कुणाचं काही अडत नाही. गट मागे पडतो तो चढताना, आणि तोही दम कमी पडल्यामुळे क्वचितच. पडतो तो किरकोळ खोळंब्यांमुळे.

हिशोब करून बघा. व्हित्तोरिओ इमान्युएले हट, म्हणजे आदल्या रात्रीच्या मुक्कामाची जागा, साधारण 2735 मीटरवर, माथा 4061 वर. म्हणजे सव्वातेराशे मीटरची चढाई. गट तासाला 300 मीटर चढला तर साडेचार तास, तेही न थांबता. आता सहा जणांपैकी प्रत्येकजण आपापल्या सोयीने एकदाच तीन मिनिटं थांबला, कुणाचं जॅकेट काढायचं, कुणाचा बुटाचा बकल, तर अठरा मिनिटं गेली. तेवढ्यात नव्वद मीटर चढून झाले असते. म्हणून गाईड तासाभराने एकदा थांबतो तेव्हा पाणी, खाणं, सनस्क्रीन, लघवी सगळं तेव्हाच उरकायचं. हटमधून निघताना थोडी थंडी वाजली पाहिजे. उबदार वाटत असेल तर वीस मिनिटांत कपडे उतरवायला थांबणार तुम्हीच.

पहिल्या तासात गाईडची चाल हास्यास्पद वाटण्याइतकी संथ असते. माझ्या पहिल्या खेपेला एक तगडा गृहस्थ सारखा त्याच्या स्कीच्या शेपटीवर चढत होता. साडेतीन हजारांवर तोच सर्वांत मागे होता. त्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशाहून कमी असतो, आधी उधळलेली ताकद तिथे परत मिळत नाही. पूर्ण वाक्य बोलता येईल इतक्याच वेगाने चाला. स्की उचलू नका, बर्फावरून पुढे सरकवा. हजारो पावलं आहेत, दरवेळी दीड-दोन किलो उचलायचं की घसरवायचं हा फरक संध्याकाळी मांड्या सांगतात.

आता किक टर्न. सराव एकाच गोष्टीचा करायला वेळ असेल तर याचा करा. तीव्र उतारावर नागमोडी चढताना प्रत्येक वळणावर हे लागतं. आधी दोन्ही स्की उताराला आडव्या, जवळजवळ सपाट ठेवून स्थिर उभं राहायचं. वरच्या बाजूची स्की उचलून उलट दिशेला फिरवून टेकवायची आणि मग सगळं वजन तिच्यावर द्यायचं. लोक नेमके इथेच चुकतात, भीतीपोटी वजन मागच्या पायावर राहतं. वजन गेलं की मागच्या पायाची टाच बुटासकट स्कीकडे खाली झटकायची. शेपूट खाली जाते, टोक वर उचललं जातं, आणि ती स्की आपसूक वळून पहिलीच्या शेजारी येते. झटका जमला नाही की टोक बर्फात अडकतं आणि माणूस दोन दिशांना पाय करून उभा, मागे पाच जणांची रांग. सौम्य उतारावर दोन्ही बाजूंना पन्नास-पन्नास वळणं घाला, डावी बाजू हमखास कच्ची निघते.

या डोंगराची नेहमीची वाट पश्चिमेकडून आहे. सकाळी ऊन उशिरा पोचतं, त्यामुळे रात्रीत गोठलेला बर्फ काचेसारखा कडक असतो. स्की क्रॅम्पॉन, म्हणजे कडक बर्फात रुतण्यासाठी स्कीला लावायचे धातूचे दाते, पिशवीत तळाशी ठेवू नका. ते घालायचे सपाट जागी, गरज पडण्याच्या आधी. घसरायला लागल्यावर तिरक्या उतारावर वाकून ते बसवणं हा तमाशा मी केलेला आहे, तुम्ही नका करू.

माझी खरी फजिती मात्र स्किनमुळे झाली. स्कीच्या तळाला चिकटवायच्या या केसाळ पट्ट्या पुढे सरकतात, मागे घसरत नाहीत, सगळी चढाई त्यांच्यावर. दुसऱ्या खेपेला मधल्या एका छोट्या उतारासाठी त्या काढल्या आणि वाऱ्यात तशाच बर्फावर टाकल्या. गोंदावर बर्फाचा भुगा बसला. परत लावल्या तर दहा मिनिटांत शेपटीकडून सुटल्या. गाईडने काही न बोलता दोन रबरी स्की स्ट्रॅप काढून स्कीभोवती आवळले, पण आमची पाऊण तास खोटी झाली. 'गाढवाची पाठ' म्हणतात त्या उंचवट्याशी पोचलो तेव्हा वारा वाढला होता आणि त्याने घड्याळ बघून सगळ्यांना मागे वळवलं. तेव्हापासून स्किन काढली की गोंदाला गोंद लावून दुमडायची आणि थेट जॅकेटच्या आत, पोटाशी. खिशात दोन स्ट्रॅप कायम.

मागे वळण्यावरून गाईडशी हुज्जत घालू नका. दुपारी ऊन त्या उतारावर चढतं, वरचा बर्फ आधी लोण्यासारखा मऊ होतो, तोपर्यंत उतरणं म्हणजे सुख. त्यानंतर तो ओला आणि जड होतो, आणि मग ओल्या हिमस्खलनाचा धोका. वेळेची शिस्त त्यासाठी असते.

माथ्याखाली स्की ठेवून बुटांना क्रॅम्पॉन लावून, दोर बांधून खडकाळ धारेवरून मॅडोनाच्या मूर्तीपर्यंत जायचं असतं. मूर्ती नेमक्या सर्वोच्च बिंदूवर नाही, पण बहुतेक गट तिथेच थांबतात. जागा अरुंद, दोन्ही बाजूंना खोली, वर जाणारे आणि खाली येणारे एकाच ठिकाणी. गर्दीत थंडी भरते, म्हणून जाड जॅकेट स्कीपाशी सोडून जाऊ नका. खडकाची भीती वाटत असेल तर आदल्या रात्रीच गाईडला सांगा. स्कीपाशी थांबलात तरी कुणी कमी लेखत नाही.

पायात फोड येतोय असं वाटलं तर पहिल्या ठणक्यालाच बोला. मी दोन तास गप्प राहिलो होतो एकदा, उतरताना त्या टाचेने एकही वळण घेऊ दिलं नाही.

ट्रान्सीव्हर (हिमस्खलनात गाडलेल्याला शोधायचं सिग्नल यंत्र), फावडं, प्रोब (बर्फात खुपसून चाचपायची लांब काठी) तिन्ही प्रत्येकाकडे हवंच, आणि ते वापरायचा सराव घरूनच करून या. गाडलेल्या माणसाला वाचवायला हाताशी मिनिटंच असतात, तेव्हा मदत गटातल्यांकडूनच येते. मोबाईल ट्रान्सीव्हरपासून निदान वीस सेंटिमीटर लांब ठेवा, शोधताना पन्नास.

खालच्या टप्प्यात मे महिन्यात बर्फ नसू शकतो. खाली दरीतल्या पों या ठिकाणापर्यंत स्की पाठीवर लादून स्की बुटांत चालायची तयारी ठेवा.

आणि हटमधल्या हीटरवर स्किन वाळत घालू नका. गोंद खराब होतो. दोरीवर, हीटरपासून लांब.