चारदा एकाच माणसासमोर

अरे पोरा,

तुझा मेसेज रात्री पावणेबाराला आला, वाचला पण लगेच उत्तर दिलं नाही, कारण दिलं असतं तर काहीतरी गोड गोड लिहून मोकळा झालो असतो आणि तुला ते नकोय. तिसऱ्यांदा त्याच पोराशी हरलास. तेही अगदी थोडक्यात. आणि आता म्हणतोस, सर मला फक्त एकदा त्याला हरवायचंय, मग ग्लोव्हज खुंटीला टांगतो. बरं. आधी एका माणसाबद्दल सांगतो, मग तुझ्यावर येतो.

तू मला कायम त्या जपानी बॉक्सर इनोएचे क्लिप पाठवत असतोस. बघायला भारीच आहे तो, वादच नाही. २०२२ च्या डिसेंबरात बँटम वजनगटाचे चारही वर्ल्ड बेल्ट, पुढच्या डिसेंबरात वरच्या सुपर बँटमचे चारही, आणि तोवर एक फाईट हरलेला नाही. पण लेका, तीनदा हरलेल्या माणसानं त्याच्याकडून काय शिकायचं? त्याच वजनात, त्याच्या आधी, जपानमध्ये तोशिआकी निशिओका होऊन गेला, त्याचे क्लिप बघ.

१९७६ चा जन्म, ह्योगो प्रांतातलं काकोगावा. डावखुरा, साउथपॉ. शाळेत असतानाच १९९४ ला प्रो झाला, सुरुवातीला मारही खाल्ला, मग जपानचा बँटम चॅम्पियन झाला. पाय इतके झपाझप चालायचे की लोक त्याला स्पीड किंग म्हणायचे. आता असा पोरगा वर्ल्ड टायटलला उभा राहिला तर जिंकणारच असं सगळ्यांना वाटणार ना, पण समोर कोण होता तर थायलंडचा वीरापोल. जुना मुय थायवाला, म्हणजे थाई किकबॉक्सिंगमधून आलेला, दगडासारखा चेहरा, जपानच्या ज्या चॅम्पियन तात्सुयोशीला अख्खं ओसाका डोक्यावर घेऊन नाचायचं त्याला यानं १९९८ ला झोपवलं आणि पुढच्या वर्षी परत झोपवलं.

२००० साली निशिओका त्याच्याशी पॉइंट्सवर हरला. २००१ ला पुन्हा तोच, ड्रॉ. टायटल फाईटमध्ये ड्रॉ म्हणजे बेल्ट चॅम्पियनकडेच राहतो, म्हणजे तू हरला नाहीस पण घरी मोकळ्या हातानं जा. त्यानंतर सरावात टाचेमागची जाड शीर, अकिलीस टेंडन, तुटली, आणि ज्याचा सगळा खेळ पायांवर आहे त्याची टाच गेली म्हणजे काय ते तुला वेगळं सांगायला नको. तरी परत उभा राहिला, २००३ ला तिसऱ्यांदा त्याच माणसासमोर, परत ड्रॉ. २००४ ला चौथ्यांदा, पॉइंट्सवर हार. चार फाईट, प्रत्येकी १२ राउंड, म्हणजे ४८ राउंड, १४४ मिनिटं तो एकाच तोंडाकडे बघत उभा होता आणि एकदाही त्याचा हात वर झाला नाही.

आणि मग बघ हं, पुढच्याच वर्षी, एप्रिल २००५ मध्ये, त्याच ह्योगोचा, त्याच्यापेक्षा लहान असलेला होझुमी हासेगावा टोकियोच्या बुडोकानमध्ये वीरापोलसमोर गेला आणि पहिल्याच प्रयत्नात जिंकून आला. पहिल्याच! आपण चार वेळा ज्या दारावर डोकं आपटलं ते शेजारचा पोरगा येऊन ढकलून उघडतो, तेव्हा काय होत असेल माणसाचं. तुझ्या बाबतीतही हे होणार आहे हे धरून चाल. त्या तुझ्या पोराला उद्या कुणीतरी भलताच हरवेल आणि तुला आनंद होणार नाही, पोटात खड्डा पडेल.

माझं सांगतो, कधी कुणाला सांगितलेलं नाही. मी एका सिलेक्शनला एकाशी हरलो होतो, निकाल मला आजही पटलेला नाही पण ते जाऊ दे. त्यानंतर दोन वर्षं मी बॅगवर त्याचाच चेहरा बघून पंच मारले, तो डावीकडे झुकतो म्हणून माझा उजवा हुक, तो दमतो उशिरा म्हणून माझं धावणं, सगळं त्याच्या मापाचं शिवून घेतलं. आणि दोन वर्षांनी मी गेलो तर कळलं त्याला नोकरी लागली, त्यानं बॉक्सिंग सोडलं. समोर दुसराच एक उंच पोरगा आला, त्याच्यासाठी माझ्याकडे काहीच नव्हतं, दुसऱ्या राउंडलाच रेफ्रीनं थांबवलं. घरी येताना एसटीत मला रडू आलं ते हरल्याचं नाही, इतका वेळ मी कुणाशी खेळत होतो याचं.

तर निशिओकानं काय केलं? वीरापोलला पाचव्यांदा मागितलं नाही. वजन वर नेलं. बँटम ५३.५ किलो, सुपर बँटम ५५.३. पावणेदोन-दोन किलोचा फरक, म्हणजे अर्ध्या लिटरच्या दुधाच्या साडेतीन पिशव्या. बाहेरच्याला वाटेल एवढ्यानं काय होतंय. तुला माहितीय काय होतं. मे महिन्यात रबरी सूट घालून पळणं, च्युइंगगम चघळून डब्यात थुंकत बसणं, आंघोळ करताना तोंडात गेलेलं पाणीसुद्धा थुंकून टाकणं, हे मी केलंय आणि तू करतोस, मला दिसतं, तुझे ओठ बघूनच कळतं. प्रो लोकांचं वजन आदल्या दिवशी होतं, त्यांना प्यायला-खायला रात्र मिळते, तुझं होतं त्याच दिवशी सकाळी. तू रिंगमध्ये जातोस तो अर्धा वाळलेला. तिसऱ्या राउंडला पाय का जड होतात याचं उत्तर तू टेक्निकमध्ये शोधतोयस.

वरच्या वजनात त्याचं काय झालं तर तो डावा हात. आधीचा स्पीड किंग, आता लोक त्याला मॉन्स्टर लेफ्ट म्हणायला लागले. पण हे एका रात्रीत नाही झालं, २००४ ते २००८, चार वर्षं वर्ल्ड टायटलची फाईटच नाही, नुसतं खेळत राहायचं. सप्टेंबर २००८, योकोहामा, डब्ल्यूबीसी या जागतिक संघटनेचा इंटरिम, म्हणजे हंगामी, बेल्ट, वय ३२. वर्ष संपायच्या आत पूर्ण चॅम्पियन.

आणि मग ती मॉन्टेरेची फाईट, मे २००९, ती आज रात्री बघच. मेक्सिकोत जाऊन, मेक्सिकोच्या जॉनी गोन्झालेझसमोर, हॉल सगळा त्याचा. पहिल्याच राउंडला निशिओका खाली. कुणीही म्हणेल संपलं. उठला, आणि तिसऱ्या राउंडला लांबून असा आत घुसून डावा सरळ हात मारला की गोन्झालेझ मागे उडाला. मी ते किती वेळा थांबवून थांबवून बघितलंय. हात बघू नकोस, सगळे हातच बघतात, त्याचा मागचा पाय बघ, जमिनीला कसा ढकलतो ते. ही तीच टाच की दुसरी यावर आमच्या इथे दोघांचं भांडण झालं होतं, ते असो.

२०११ ला लास व्हेगासला जाऊन राफाएल मार्केझला पॉइंट्सवर हरवून बेल्ट राखला. २०१२ ला नोनितो डोनेअरसमोर कॅलिफोर्नियात सहाव्या राउंडला पडला, नवव्याला फाईट थांबली, आणि त्यानंतर तो रिंगमध्ये परत आला नाही. वय ३६. हिशेब ३९ विजय, ५ हार, ३ ड्रॉ. वीरापोलविरुद्धचा हिशेब मात्र तोच, दोन हार दोन ड्रॉ, शेवटपर्यंत.

म्हणून तुला 'एकदा त्याला हरवतो' हे मी करू देणार नाही. तुला सोडायचं असेल तर सोड, मी थांबवणार नाही, कॉलेज आहे, घरची परिस्थिती मला माहितीय, काही वाईट नाही त्यात. पण त्या पोरासाठी थांबायचं नाही आणि त्या पोरासाठी सोडायचं पण नाही. खेळणार असशील तर वरच्या वजनात खेळ. पहिलं वर्ष मार खाशील, मोठ्या हाडाची पोरं असतात, सांगून ठेवतो.

सोमवारी सहाला ये. येण्याआधी पोटभर पाणी पिऊन ये, काट्यावर उभं राहायचं नाही, काटा मी कपाटात ठेवलाय. आणि ते हँडरॅप धुऊन आण रे बाबा, मागच्या वेळी अख्ख्या जिमला वास येत होता.

सर